शेठच्या भिंतीला टेकवलेलं खुराडं

चहा घ्या आणि ऐका. मधे कोणी हसायचं नाही. शेवटी तुम्ही हसणारच आहात, त्याची आमच्या गावानं मला सवय लावून ठेवली आहे. पण तोवर दम धरा.

मी शिकलेला माणूस नाही. तिसरीत मास्तरनं कान पिरगाळला, मी पाटी तिथंच ठेवून घरी आलो, ती अजून तिथंच असेल. पण बांधकाम म्हटलं की माझं डोकं चालतं. गोठा मी बांधला, न्हाणी मी बांधली. अजून दोन्ही उभे आहेत. आणि एकदा मी असं खुराडं बांधलं की त्यात मुंगूस शिरलं नाही, बोका शिरला नाही, घारीला वरून नख घालता आलं नाही. तरी त्या खुराड्याचं नाव काढलं की फैजपूरपासून यावलपर्यंत लोक मिशीतल्या मिशीत हसतात. का हसतात, तेच सांगतोय.

दीपनगरला विजेच्या कारखान्याचं काम चाललं होतं, त्या काळातली गोष्ट. माझी लेक लीला धुळ्याकडे दिलेली. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी आणायची. सातव्या महिन्यात घेऊन आलो, तर पोर अशी, की फुंकर मारली तर पडेल. चेहरा हळदीसारखा. आणि तोंडात सगळी धुळ्याची बोली. आईनं विचारलं, "कशी आहेस माय?" तर म्हणे, "बरी शे."

"घ्या," आमची मंडळी, म्हणजे लीलाची आई, म्हणाली, "दोन वरसात पोरगी 'शे' म्हनाले लागली. खायाले काय देतात का नुसती भाषाच देतात?"

यावलच्या डॉक्टरनं लीलाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि मला बाजूला घेतलं. म्हणाला, "आप्पा, हिच्या अंगात रक्त नाही. अशीच राहिली तर बाळंतपण जड जाईल. रोज अंडं द्या, दूध द्या."

जड जाईल म्हणजे काय, ते मला कोणी समजवायची गरज नव्हती. माझी थोरली बहीण त्यातच गेली. मी तेव्हा दारात उभा होतो.

आमची म्हैस तेव्हा आटलेली. मग राहिलं अंडं. आता आमच्या घरात अंड्याचं मोठं राजकारण. मंडळीच्या गळ्यात तुळशीची माळ. तिनं जन्मात अंड्याला हात लावला नव्हता. मी खाणारा, पण माझं भांडं वेगळं, चूल वेगळी. परसात तीन दगड मांडून माझं मी शिजवायचं आणि भांडं मातीनं घासून झाडाला टांगायचं. पण लीलासाठी मंडळी म्हणाली, "आना कोंबड्या. उकडून तुमी द्या. मी तिकडे पाठ करून बसते."

डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरून मी कोंबड्या आणल्या. गावरान, चलाख, सोबत एक कोंबडा. दोन-चार दिवस अंडी मिळाली. लीला नाक दाबून खायची.

मग मुंगूस आलं.

मुंगसाला तुम्ही लहान समजू नका. भर दुपारी, माणसं जेवून आडवी झाली की यायचं. परसात कोंबड्या मातीत लोळत असायच्या. एक कलकलाट व्हायचा, मी धोतर सावरत बाहेर येईस्तोवर पिसं तेवढी उडत असायची. दोन कोंबड्या अशा गेल्या. दुसरी गेली तेव्हा तर ते कुंपणापाशी थांबलं, कोंबडी तोंडात, आणि वळून माझ्याकडे पाहून गेलं. म्हणजे मला ओळख दाखवून गेलं.

त्याच दिवशी मी ठरवलं. आता मी जे बांधीन, ते बघून मुंगसानं पोराबाळांना सांगितलं पाहिजे की त्या घरी जाऊ नका.

जागा कोणती? आमच्या परसाची मागची बाजू म्हणजे घेवरशेठच्या गोदामाची भिंत. शेठ मारवाडी, जैन माणूस. पुढं रस्त्याला दुकान, मागं सरकीचं आणि ढेपेचं, म्हणजे गुरांच्या पेंडीचं, गोदाम. कांदासुद्धा न खाणारा माणूस. मुंगी चालली असेल तर पाय उचलून धरायचा आणि ती जाईपर्यंत बगळ्यासारखा उभा राहायचा. भिंत त्याची दगडी, भक्कम. मी म्हटलं, एवढी भिंत फुकट उभी आहे, तर तिला टेकवून तीन बाजूंनी जाळी मारली की झालं. एक बाजू वाचली.

मंडळी म्हणाली, "चारी बाजूंनी मारा."

"कशाला? दगडी भिंत आहे. हत्तीनं डोकं आपटलं तरी हलणार नाही."

"मी हत्तीचं नाई म्हनत. तरी मारा."

"तुला बांधकामातलं काय कळतं?"

हे वाक्य लक्षात ठेवा. मंडळीनं ठेवलेलं आहे.

जाळी आणली भुसावळच्या भंगारवाल्याकडून. साधी नाही, खडी चाळायची. बोटभर जाड तार, हातानं वाकणार नाही. बाभळीचे डांब पुरले. मुंगूस उकरून खालून येतं, म्हणून गुडघाभर चर खणला, जाळी त्यात उतरवली, खाली बाहेरच्या अंगाला वळवली, वर दगड घातले आणि दगडांच्या फटीत सोड्याच्या बाटल्यांच्या काचा भरल्या. उकर म्हटलं, किती उकरतोस ते. वरूनही जाळी, घारीसाठी. तिच्यावर केळीची वाळकी पानं, सावलीसाठी. आत विटांचं खुराडं, अंडी घालायला आडवी मडकी, मडक्यात गवत. दार लोखंडी, बुटकं. माणसानं रांगतच आत जायचं. आणि दाराला अलिगढचं पितळी कुलूप. किल्ली माझ्या कडदोऱ्याला.

एका कोपऱ्यात, भिंतीला लागून, आमची पऱ्हाटी रचलेली होती. कपाशीच्या वाळक्या काड्या हो, चुलीला लागतात त्या. मंडळी म्हणाली, ती काढा आधी. मी म्हटलं, राहू दे, कोंबड्यांना आडोसा होईल. खरं म्हणजे उचलायचा कंटाळा. तेवढी जाळीच्या आतच घेतली.

गाव बघायला आलं. येणारच. कोणी म्हणालं, "आप्पा, कोंबड्यांनी गुन्हा काय केला?" कोणी म्हणालं, "भेटीची वेळ किती ते किती?" मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दुपारी मुंगूस आलं. मी ओसरीत खाटेवर डोळे मिटून, पण एक डोळा उघडा. त्यानं पूर्ण फेरी मारली. एका ठिकाणी उकरलं, पाय मागं घेतला, चाटला. दारापाशी गेलं, कुलूप हुंगलं. मग समोर मागच्या पायांवर बसून बराच वेळ नुसतं पाहत राहिलं, आणि निघून गेलं. भाऊ, लीलाच्या लग्नातसुद्धा माझी छाती एवढी फुगली नव्हती.

आणि त्या दिवसापासून अंडी बंद.

एक नाही, दोन नाही, सगळी. मडकी रिकामी. पण कोंबडी अंडं दिल्यावर कशी ओरडत सुटते, तशी आमची रोज ओरडायची. मंडळी म्हणायची, "कुकारली, म्हंजे दिलं. पाहा नीट." मी रांगत आत जायचो, गवत उपसायचो, गुडघे सोलून बाहेर यायचो. काही नाही.

आता आत काही येऊ शकत नाही हे तर नक्की. मग अंडी जातात कुठं? साप असेल म्हटलं. जाळीच्या खालच्या अंगाला आतून बारीक जाळी ठोकली. तरी नाही. कावळा असेल, दारावर काळं फडकं टांगलं. तरी नाही. मग वाटलं, कोंबड्याच आपली अंडी फोडून खातात. अशा असतात काही नतद्रष्ट. एकेकीला धरून चोच तपासली, बलकाचा डाग आहे का म्हणून. एकीनं माझं नाक तपासलं. हा पाहा, अजून व्रण आहे.

शेवटी, आता माणसाची मती फिरते ती अशी, मी मंडळीला म्हणालो, "किल्ली माझ्याकडे. पण आंघोळीच्या वेळी खुंटीला असते. तेव्हा तर कोणी काढत नाही ना?"

ती भाकरी थापत होती. हात थांबला. गळ्यातली माळ दोन बोटांनी वर उचलून तिनं मला दाखवली. नंतर चार दिवस बोलली नाही. भाकरी वाढायची ती लांबून, जणू मी खुराड्यातलाच.

इकडे लीला तशीच. पाय सुजले. मला झोप लागेना. पोरीच्या तोंडचा घास कोणीतरी पळवतोय आणि मी कुलपाची किल्ली कमरेला बांधून बसलोय.

त्यात आणखी एक भानगड. शेठकडून दूध यायला लागलं. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक. वरून बदाम उगाळलेले. गडी सांगायचा, "गाय नवी व्याली, दूध जास्त होतंय." मला ते पटेना. शेजारी राहून जन्म गेला, शेठनं कधी ताकाचा थेंब पाठवला नव्हता आणि आता बदाम? मी म्हटलं, ह्याला आपलं परस पाहिजे. गोदाम वाढवायचं असेल. आज दूध पाजतो, उद्या भिंत सरकवतो. तांब्या उचलला आणि परत करायला निघालो.

मंडळी चार दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "ठेवा तो खाली."

"अगं, तो फुकट..."

"पोरीचं दूध हाये ते. ठेवा म्हनते ना."

ठेवला.

असेच दिवस गेले, दूध येत राहिलं, अंडी नाहीत. मग मी शेवटचा डाव टाकला. खुराड्यातच बसून पाळत ठेवायची. पण दार उघडं दिसलं तर चोर सावध होईल. म्हणून मी मंडळीला किल्ली दिली. म्हटलं, "मी आत जातो, तू बाहेरून कुलूप लाव. कोंबडी कुकारली की येऊन उघड."

तिनं मला आत जाताना पाहिलं. धोतर खोचलेलं, गुडघे मातीत, डोक्याला मुंडासं. म्हणाली, "सोभतं तुमाले." कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली.

आणि गेली. घरात गेली असं मला वाटलं. ती गेली फैजपूरला. पोरीला अंडी तर मिळत नाहीत, निदान डिंकाचे लाडू तरी करावे, म्हणून डिंक आणायला. एसटीचा आवाज ऐकला आणि धावली. किल्ली पदराला तशीच. नंतर म्हणाली, विसरले. मी अजूनही त्यावर विश्वास ठेवलेला नाही.

दुपार चढली. वैशाख तापलेला. मी विटांच्या खुराड्याला पाठ लावून घामानं निथळत बसलो. एक तांबडी कोंबडी उठली. माझ्याकडे पाहिलं, आळस दिला आणि रमतगमत पऱ्हाटीच्या मागं गेली. मी वाट पाहिली. आली नाही. आणखी पाहिली. नाहीच.

मी रांगत पऱ्हाटीमागं शिरलो. काट्याकाड्या टोचताहेत, आणि समोर, भिंतीत, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक भोक.

मला ते भोक माहीत होतं. तेच तर म्हणतो. सरकी बंद खोलीत तापते, तिला वारा लागावा म्हणून शेठच्या बापानं भिंतीत ठेवलेलं भोक. लहानपणापासून रोज पाहिलेलं. मग तिथं पऱ्हाटी रचली, ते दिसेनासं झालं, आणि जे दिसत नाही ते नाही, असं माझं डोकं. चारी बाजूंनी जाळी मारा म्हटलं होतं कोणीतरी. आठवतंय ना?

म्हटलं, बघू तरी. मुंडासं काढलं आणि डोकं आत घातलं.

आत गोदाम. गार, अंधारं, सरकीचा वास. समोर सरकीचा ढीग, मऊ, गादीसारखा. त्यावर आमची पांढरी कोंबडी पंख पसरून बसलेली. तांबडी तिच्या शेजारी जागा करून घेत होती. आणि पलीकडे उपड्या डब्यावर, हातात बाजरीची वाटी घेऊन, घेवरशेठ.

"रामराम, आप्पा," शेठ म्हणाले.

"रामराम."

दुसरं काय बोलणार?

"कसं येणं केलं?"

"सहज."

कोंबडी बाजरी टिपत होती.

"शेठ, ह्या माझ्या कोंबड्या."

"हो ना."

"आणि अंडी?"

"तिच्याखाली आहेत सगळी. बसली आहे ती त्यांच्यावर."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

शेठनं वाटी खाली ठेवली. त्यांचा चेहरा असा झाला, की चोरी त्यांनीच केली आहे. "काय सांगू आप्पा? सांगितलं तर तुम्ही अंडी नेणार, फोडणार. माझ्या घरात आलेला जीव मी कसा हाती देऊ? आणि नाही सांगितलं तर तुमच्या पोरीच्या तोंडचं गेलं. हाकलावी म्हटलं, तर ती बघते माझ्याकडे. मी शेठाणीला विचारलं. ती म्हणाली, पोरीला दूध द्या, आणि हिला बसू द्या. तेच करतोय."

"म्हणजे ते दूध..."

"गाय जुनीच आहे," शेठ म्हणाले. "खोटं बोललो. तेवढं माफ करा."

मी ह्या माणसाला परस लुबाडणारा ठरवून बसलो होतो. तरी माझी जीभ म्हणजे काय? म्हणालो, "पण कोंबडी माझी आहे. तिला उठवा."

शेठ म्हणाले, "आप्पा, तुमची पोर बाळंतपणाला तुमच्याकडे आली. ही माझ्याकडे आली. माहेराला आलेली बाळंतीण कोणी उठवतं का?"

ह्यावर तुम्हाला काही सुचत असेल तर सांगा. मी म्हटलं, आता इथून जावं. आणि डोकं मागं ओढलं.

आलं नाही.

घालताना गेलं, काढताना कान आडवे. जोर लावला की कान मुळातून निघतील असं वाटे. इकडे तोंड शेठच्या गोदामात, बाकीचा मी माझ्या खुराड्यात, पऱ्हाटीच्या ढिगात. आणि ज्या कोंबड्यांची वेळ झाली होती त्यांची वाट मी अडवलेली, त्यामुळं त्या मागं उभ्या राहून माझ्या धोतराला चोची मारताहेत.

अशात मागून लीलाची हाक आली. परसाच्या दारातून.

"आप्पा, ओ आप्पा. माय कोठे गई?"

"घरात असेल," मी ओरडलो. पण माझं ओरडणं गोदामात. पोरीला काय ऐकू येणार?

"आप्पा, तुम्ही कोठे शेतस? मना पोटमा भलतंच दुखी ऱ्हायनं. सकायपासून दुखी ऱ्हायनं."

भाऊ, महिनाभर अवकाश होता अजून. मी हातपाय झाडले. लीलानं पाहिलं असेल ते एवढंच, की पऱ्हाटीतून बापाचे पाय हलताहेत.

"शेठ," मी म्हणालो, "पोरीला कळा सुरू झाल्या. माझ्या हातात काही नाही."

शेठला मी जन्मात घाईनं चालताना पाहिलं नव्हतं. मुंगीसाठी थांबणारा माणूस. तो सरकी तुडवत, डबा उलथवत दुकानाकडे पळाला. त्याचा आवाज येत होता. गड्याला सायकल देऊन सुईणीला आणायला पाठवलं, शेठाणीला हाक मारली. आणि शेठाणी, जी आमच्या घरचं पाणीसुद्धा कधी प्यायली नव्हती, ती माझ्या तीन दगडांच्या चुलीवरून उडी मारून आमच्या परसात आली. लीलाला धरलं. "चल बेटा, आत चल. मी आहे." हे मी पाठीनं ऐकलं.

मग शेठ परत आले, हातात पळीभर सरकीचं तेल. माझ्या दोन्ही कानांवर ओतलं, बोटांनी चोळलं, म्हणाले, "आता श्वास सोडा आणि या." सुटलो. एक कान जरा लांबला, तो तसाच राहिला.

पण सुटून कुठं? खुराड्यात. दाराला अलिगढचं कुलूप, किल्ली फैजपूरला. एव्हाना गल्ली जमा झाली. पहार आणली. पहार मारली तर डांब हलेना. खालून खणू म्हणाले, मी आतून ओरडलो, "तिथं नको, तिथं काचा आहेत." जाळी वाकवू म्हणाले. म्हटलं, "वाकणार नाही ती, खडी चाळायची आहे." एक जण पहार टाकून घाम पुसत म्हणाला, "आप्पा, बांधलं मात्र मजबूत." तेवढ्यात सुईण आली आणि सगळ्यांना परसाबाहेर काढलं. पुरुषांचं काय काम इथं?

मला कोण बाहेर काढणार? मी राहिलो.

घराच्या भिंतीपलीकडे लीला विव्हळत होती. मी जाळीत बोटं अडकवून उभा, वाकून, कारण छत बुटकं. बहीण गेली तेव्हा मी निदान दारात तरी होतो. आता लेक वीस पावलांवर, आणि मी मुंगसाला बाहेर ठेवायला बांधलेली जाळी मला तिच्या दारापर्यंतही जाऊ देत नव्हती. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. बरंचसं नंतर फेडावं लागलं.

मग रडण्याचा आवाज आला. बारीक, पण चिडलेला. माझ्याच घराण्यातला.

मी ताडकन उभा राहिलो आणि डोकं छताच्या जाळीवर आपटलं. केळीची पानं सगळी अंगावर.

सुईण दारात आली. म्हणाली, "पोरगा आहे. बाळंतीण सुखरूप आहे. नववा पुरा नाही, तरी रेटलं तिनं. ताकद होती अंगात. काय खाऊ घातलं हो आप्पा?"

मी रिकाम्या मडक्यांकडे पाहिलं. आतून शेठाणी म्हणाली, "दूध."

मग शेठाणीच पुढं आली. बाळ बाहेर आणायचं नसतं, म्हणून उंबऱ्याच्या आतच उभी राहिली, दुपट्याची घडी जरा बाजूला केली आणि बाळाचं तोंड माझ्याकडे केलं. "बघ राजा, हे आजोबा." अंगावर वाळकी पानं, कानातून तेल गळतंय, डोळ्यांतून काय गळत होतं ते जाऊ द्या, आणि जाळीतून बाहेर काढलेली चार बोटं. नातवानं माझ्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

सगळे आत गेले. परस शांत झालं. आणि कुंपणातून मुंगूस आलं.

रोजची वेळ झाली होती त्याची. जाळीपाशी आलं, मागच्या पायांवर बसलं, आत पाहिलं. कोंबड्या नाहीत, त्या शेठकडे. आत मी. आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांकडे पाहत राहिलो. मग ते हळूच वळलं आणि गेलं. पुन्हा आमच्या परसात कधी आलं नाही. माझी भीती बसली म्हणून नव्हे, भाऊ. दया आली असावी.

मंडळी संध्याकाळच्या एसटीनं आली. गल्लीनं तिला रस्त्यातच सगळं सांगितलेलं. ती परसात आली, पदराची गाठ सोडली, किल्ली हातात घेतली, माझ्यापर्यंत आली, आणि तशीच वळून घरात गेली. आधी लेक पाहिली, नातू पाहिला, शेठाणीच्या पाया पडली. मग दिवा घेऊन आली. कुलूप उघडताना म्हणाली, "भिंत दगडी हाये, नाई का? हत्तीनं डोकं आपटलं तरी हालनार नाई."

"बरं, बरं."

"आनि तुमी आपटलं तर?"

मी रांगत बाहेर आलो.

पांढऱ्या कोंबडीची पिल्लं पुढं सरकीच्या ढिगावरच निघाली. शेठनं माझ्याकडून वचन घेतलं, की त्यांच्या घरी जन्मलेल्यांना सुरी लावायची नाही. पोरीचे प्राण ज्यांच्या दुधानं वाचले, त्यांना नाही कसं म्हणू? दिलं. त्यामुळं पुढं माझ्या परसात कोंबड्यांचा कळप, आणि पाहुणा आला की आमच्याकडे शेवभाजी. अंडी मात्र कोंबड्या शेठकडेच घालायच्या. ते भोक मी बुजवलं नाही. माहेरची वाट कोणी बुजवतं का?

खुराडं अजून उभं आहे. त्यात आता पऱ्हाटी ठेवतो.

नातू मोठा झाला, नोकरीला लागला. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येतो, आणि चार माणसं बसलेली असली की मुद्दाम विचारतो, "आप्पा, मी जन्मलो तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"घरीच होतो."

"घरात?"

"परसात."

"परसात कुठं?"

मग मी चहा ओठाला लावतो आणि गरम आहे असं दाखवतो. तेवढ्यात आतून मंडळीचा आवाज येतो. "सांगा की त्याले. कुलपात होते म्हना. किल्ली अजून माझ्याजवळ हाये."